डोळे अनेक, उत्तरदायी एक

आश्विनी पौर्णिमा जवळ आली की सोलापूर ते तुळजापूर हा रस्ता वाहनांचा राहत नाही, तो भाविकांचा होतो. सोलापूर, अक्कलकोट आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून लाखो पावले आई तुळजाभवानीच्या दर्शनासाठी चालू लागतात. प्रशासन जड वाहतूक अन्य मार्गांनी वळवते आणि उरलेली सारी व्यवस्था समाज आपसात वाटून घेतो. एक मंडळ पाण्याचे टँकर पाहते, दुसरे अन्नछत्र चालवते, डॉक्टरांचा एखादा गट पायाला फोड आलेल्यांसाठी मांडव घालतो, तरुणांची टोळी रात्रभर कंदील आणि शिट्ट्या घेऊन वळणांवर उभी राहते. कोणी कोणाचा अधिकारी नसतो, तरी प्रत्येकाचे काम ठरलेले असते आणि ते निभावले जाते.

यात्रा सरते आणि तोच रस्ता अनाथ होतो. दुभाजकाला कोठे फट पडली, गावाजवळचा दिवा कधीपासून बंद आहे, सेवा रस्ता मध्येच का संपला, उसाने भरलेली ट्रॉली मागच्या लाल पट्टीविना अंधारात का धावते, हे पाहणारा कोणी उरत नाही. तीन दिवस रस्त्याची काळजी वाहणारा समाज उरलेले दिवस त्याच रस्त्याकडे पाठ का फिरवतो? श्रद्धा आटली असे नाही. यात्रेत काम वाटून दिलेले असते, एरवी ते कोणालाच दिलेले नसते, एवढेच त्याचे कारण आहे.

दहा मालक, एक रस्ता

धाराशिव शहरातील एखादा रस्ता डोळ्यांसमोर आणावा. महामार्गाचा भाग केंद्राच्या यंत्रणेकडे, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, ग्रामीण रस्ता जिल्हा परिषदेकडे आणि गावातील गल्ली नगरपरिषदेकडे. रस्त्याखालची जलवाहिनी एका खात्याची, कडेचा विजेचा खांब दुसऱ्या कंपनीचा, बसस्थानक एस.टी. महामंडळाचे, रेल्वे स्थानक मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाचे. रिक्षाचा परवाना परिवहन कार्यालय देणार, रिक्षा कोठे उभी करायची हे वाहतूक पोलीस सांगणार आणि तिच्यासाठी जागा आखून देणार नगरपरिषद. नव्या डांबरावर पंधरवड्यात कुदळ पडते, तेव्हा नागरिक ज्या दारात जातो तेथून त्याला पुढचे दार दाखवले जाते. प्रत्येक खात्याकडे आपल्या पुरते उत्तर असते आणि रस्त्याचे उत्तर मात्र कोणाकडेच नसते.

याला कामाची विभागणी म्हणत नाहीत, ही जबाबदारीची फाळणी आहे. ज्या विभागणीची आज गरज आहे ती वेगळी. पाहणारे डोळे अनेक असावेत, परंतु उत्तर देणारा एकच असावा. नगराच्या परिवहनविषयक कामांवरील देखरेख नागरिकांच्या वेगवेगळ्या सल्लागार समित्यांकडे कामाच्या स्वरूपानुसार सोपवावी, मात्र प्रत्येक प्रकल्पाचा उत्तरदायी अधिकारी आणि त्याला प्रश्न विचारणारी मुख्य समिती आधीच निश्चित करावी, ही या विचाराची दोन चाके आहेत. एक निखळले की गाडा रुततो.

काळ मोठा आहे

हा प्रश्न आताच का? कारण धाराशिव जिल्ह्याच्या वाट्याला एवढी मोठी कामे एकाच वेळी यापूर्वी क्वचितच आली असतील. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाली. आरंभी सुमारे ९०५ कोटी रुपयांचा असलेला अंदाज २०२५ पर्यंत तीन हजार कोटींच्या पुढे गेला. तुळजापुरात मंदिर परिसराच्या विकासाची मोठी योजना आहे. वर्धा जिल्ह्यातील पवनारहून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत जाणाऱ्या, मूळ आखणीनुसार सुमारे ८०२ किलोमीटरच्या प्रस्तावित शक्तिपीठ महामार्गाच्या नकाशात हा जिल्हा आला आणि त्याबरोबर शेतकऱ्यांचा विरोधही आला. २०१८ मध्ये केंद्राने महाराष्ट्रातील जे चार आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत नंदुरबार, वाशीम, गडचिरोली यांच्या जोडीला हा जिल्हा होता. म्हणजे पैसा येत आहे आणि तो यायलाच हवा. परंतु येणारा पैसा कोठे आणि कसा मुरतो, हे पाहणारी समाजाची यंत्रणा उभी नाही.

दुसरे निमित्त राजकीय आहे. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली आणि तेथपासून जवळजवळ चार वर्षे नगरांचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. नव्या सभागृहांना जुन्या सवयी लागण्याआधीच चांगल्या सवयी लावता येतात.

विचारायला उशीर झाला की

आखणीच्या वेळी न विचारलेला प्रश्न किती काळ सलत राहतो, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. बार्शी लाइट रेल्वे कंपनीची अडीच फुटी गाडी १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत धावू लागली आणि १९११ मध्ये ती लातूरला पोहोचली. तोवर, १९०४ मध्येच, जिल्ह्याचे मुख्यालय नळदुर्गहून धाराशिवला आले होते. तरी लोहमार्ग येडशीवरून गेला आणि मुख्यालयाचे गाव बाजूला राहिले. कंपनीचे हिशेब तिचे होते, प्रजा निजामाची होती, गावाला विचारण्याची पद्धत दोघांकडेही नव्हती. पुढे लोकांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली. मार्गाचे रुंदीकरण झाले तेव्हा तो वळवून धाराशिवला आणला गेला आणि २००७-०८ च्या सुमारास शहराला रेल्वे मिळाली. नकाशावरची एक रेघ सुधारायला जवळपास शंभर वर्षे लागली.

आज कंपनी सरकार नाही, निजामही नाही. तरीही रस्त्याची रेघ आधी आणि विचारणा मागाहून, हा क्रम पुष्कळदा तसाच आहे. शक्तिपीठ महामार्गाच्या वादात कोणाची बाजू किती बरोबर, हा स्वतंत्र विषय आहे. परंतु मोजणीचे खांब शेताच्या बांधावर दिसल्यानंतर जेव्हा शेतकऱ्याला प्रकल्प कळतो, तेव्हा त्याच्यापाशी संमती आणि संघर्ष असे दोनच शब्द उरतात. सूचना या तिसऱ्या शब्दाला जागा हवी असेल तर ती रेघ ओढण्यापूर्वीच द्यावी लागते.

आहेत त्या समित्यांचे काय?

समित्या का कमी आहेत, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरांना घटनात्मक स्थान मिळाले. बाराव्या अनुसूचीत रस्ते व पूल, वाहनतळ, बसथांबे, पथदिवे हे विषय नगरांच्या कक्षेत घालण्यात आले. मात्र प्रभाग समित्यांची सक्ती तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या नगरांनाच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार धाराशिव शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख १२ हजार. तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा, भूम, नळदुर्ग, मुरूम ही तर त्याहून लहान गावे. म्हणजे घटनेतील ही खिडकी या जिल्ह्यातील एकाही नगरासाठी उघडत नाही. २००९ मध्ये राज्याने क्षेत्रसभेची तरतूद केली, ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने विषय समित्या दिल्या, त्यांत बांधकाम आणि नियोजन हे विषयही आहेत, परंतु त्या नगरसेवकांच्या. स्वीकृत सदस्याची तरतूद अनुभवी नागरिकांसाठी होती. प्रत्यक्षात ती अनेक ठिकाणी पक्षातील नाराजांची सोय झाली, हे कोणत्याही पक्षाने प्रामाणिकपणे मान्य करावे.

नगराबाहेरही समित्या आहेत. रस्ता सुरक्षेसाठी मोटार वाहन कायद्यात जिल्हा समितीची तरतूद आहे. रेल्वेत प्रवाशांच्या सल्लागार समित्या आहेत. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने एस.टी.सारख्या महामंडळांसाठी सल्लागार परिषदा नेमण्याची मुभा दिली आहे. जिल्हा नियोजन समिती तर घटनेनेच दिलेली आहे. मग उणीव कोठे राहिली? सल्ला देण्याची सोय झाली, पण त्याला उत्तर देण्याचे बंधन घातले गेले नाही. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेषाचा हिशेब मांडला, त्यात रस्तेही होते. १९९४ मध्ये मंडळे स्थापन झाली, अहवाल निघाले, आणि ३० एप्रिल २०२० रोजी मुदत संपली तेव्हा त्या मंडळाचे नाव सामान्य माणसाच्या ओठी कितीसे होते? ज्या सल्ल्याला उत्तर द्यावे लागत नाही तो हळूहळू देणाऱ्यालाही निरर्थक वाटू लागतो.

परंपरेतील पुरावा

नागरिकांनी वेगवेगळ्या समित्यांतून नगराच्या कामावर लक्ष ठेवावे, ही कल्पना परकी असल्याचा एक समज आहे. अमेरिकेतील अनेक शहरांत नगरसभेला सल्ला देणारे नियोजनाचे, वाहतुकीचे, सायकलस्वार व पादचाऱ्यांचे असे स्वतंत्र आयोग असतात आणि कोणता प्रकल्प कोणत्या आयोगापुढे जावा यावर तेथेही वाद झडतात. पण त्यासाठी सातासमुद्रापार जाण्याची आवश्यकता नाही. तमिळनाडूतील उत्तरमेरूरचे शिलालेख पाहावेत. इसवी सन ९२० च्या सुमारास, परांतक चोळाच्या काळात, त्या गावच्या सभेने आपल्या कारभाराचे नियम दगडावर कोरून ठेवले. गावाचे तीस विभाग केले होते. वार्षिक समिती, उद्यान समिती, तलाव समिती अशा स्वतंत्र समित्या होत्या. पात्र व्यक्तींची नावे ताडपत्रांवर लिहून घड्यात टाकीत आणि लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढीत. मुदत ३६० दिवसांची. ज्याने आधीच्या समितीत काम करून हिशेब दिला नाही, तो पुन्हा अपात्र, आणि त्याचे आप्तही अपात्र.

या नियमांचे मर्म शेवटच्या कलमात आहे. देखरेख वाटून दिली, पण हिशेब सर्वांना एकाच सभेपुढे द्यावा लागे. अर्थात त्या सभेचे सभासदत्व मर्यादित होते, हेही विसरता येत नाही. आजच्या समितीत हातगाडीवर भाजी विकणारी भगिनी, रिक्षाचालक, वस्तीतला कष्टकरी आणि चाकाच्या खुर्चीवरून फिरणारा तरुण यांना स्थान नसेल, तर ती परंपरेची चांगली बाजू सोडून उणी बाजू उचलल्यासारखे होईल. रस्ता समरसतेची परीक्षा घेतो, कारण त्यावरून सर्वांनाच जावे लागते.

जिल्ह्याने स्वतः दिलेला धडा

जुना दाखला दूरचा वाटत असेल तर लोहारा आणि उमरगा तालुक्यांकडे पाहावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूर आणि या जिल्ह्यातील गावे ढासळली. पुनर्वसनाच्या पुढील टप्प्यात, घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणासाठी, गावोगावी महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले गेले. सरकारी मदत कोणाला मिळाली, काम कसे होत आहे, गावकऱ्यांना काय समजले नाही, याची दखल त्या घेत आणि शासनापर्यंत पोहोचवीत. याच काळात अनेक स्वयंसेवी संस्था येथे पाय रोवून राहिल्या. लोहारा तालुक्यातील हराळी येथे ज्ञान प्रबोधिनीचे काम त्यातूनच वाढले. बांधकामातले सामान्य बायाबापड्यांना काय कळणार, हा आक्षेप या भूमीत तीन दशकांपूर्वीच निकाली निघाला आहे.

रस्त्यांच्या क्षेत्रातही चांगला नमुना आहे. २५ डिसेंबर २००० रोजी अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने पंतप्रधान ग्राम सडक योजना आरंभली, तेव्हा दर्जाच्या तपासणीची तीन स्तरांची रचना केली. पहिली तपासणी काम करणाऱ्या यंत्रणेची, दुसरी राज्याच्या स्वतंत्र निरीक्षकांची, तिसरी राष्ट्रीय निरीक्षकांची. शिवाय पाच वर्षे देखभालीचा भार ठेकेदारावरच. तपासणारे तिघे, पण खड्डा पडला तर बोलवायचे कोणाला याविषयी संदिग्धता नाही. ग्रामीण रस्त्याला जे लाभले ते शहरातल्या रस्त्याला का लाभू नये?

विभागणी कशी असावी

नगरपरिषदेने सल्लागार समित्या नेमण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सभागृहाचा ठराव पुरेसा आहे. धाराशिवसारख्या नगराला तीन समित्या पुरतील.

पहिली आखणी समिती. रस्ता, चौक, पूल यांचा आराखडा अंदाजपत्रकाआधी हिच्यापुढे यावा. शाळा कोठे सुटते, रुग्णवाहिका कोठे अडकते, पावसाचे पाणी कोठे तुंबते, पादचाऱ्याला चालायला जागा उरते की नाही, हे सांगणारे शिक्षक, डॉक्टर, व्यापारी, ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग बांधव तीत असावेत. दुसरी प्रवासी समिती. एस.टी. स्थानक, रेल्वे स्थानक, रिक्षा थांबे आणि खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गाड्यांचा मेळ हिने पाहावा. गाडी वेळेवर आली, पण स्थानकातून गावात येण्यास साधन नाही, ही गोष्ट कोणत्याही एका खात्याच्या दप्तरात बसत नाही. तिसरी दर्जा समिती. निवृत्त अभियंते, तंत्रनिकेतन व अभियांत्रिकी महाविद्यालयातील अध्यापक, लेखापाल आणि त्या त्या प्रभागातील दोन रहिवासी यांनी सुरू असलेल्या कामाची जाडी, उतार, गटाराची जोड आणि देयकांची नोंद पाहावी. तुळजापूरला चौथी यात्रा समिती हवीच. नवरात्र आणि पौर्णिमेला नगराची लोकसंख्या कैक पटींनी फुगते. अशा नगराचे रस्ते केवळ स्थानिकांच्या संख्येवर आखता येत नाहीत.

या विभागणीला काही नियमांची वेसण हवी. प्रत्येक प्रकल्पाला एकच मुख्य समिती असावी. इतर समित्यांनी आपले मत तीस दिवसांत तिच्याकडे द्यावे, न दिल्यास काम थांबू नये. समितीच्या प्रत्येक लेखी शिफारशीला मुख्याधिकाऱ्यांनी ठरावीक मुदतीत लेखी उत्तर द्यावे. शिफारस नाकारण्याचा अधिकार सभागृहाला असावा, परंतु कारण न देता नाकारण्याचा नसावा. ठेकेदार, पुरवठादार आणि त्यांचे आप्त यांना समितीत प्रवेश नसावा. मुदत दोन वर्षांची असावी. तीन महिन्यांतून एकदा सर्व समित्यांनी एकत्र बसावे आणि महामार्ग, बांधकाम, वीज, पाणी, एस.टी. व पोलीस यांच्या प्रतिनिधींना त्या बैठकीला बोलवावे. पुढच्या वर्षभरात कोणता रस्ता कोण खोदणार, एवढे जरी त्या एका बैठकीत ठरले तरी नगराचे पुष्कळ पैसे वाचतील.

आक्षेप आणि त्यांचे मोल

पहिला आक्षेप विलंबाचा. विकास हवा असेल तर प्रत्येक टप्प्यावर विचारत बसू नये, असे म्हणणाऱ्यांच्या तळमळीत तथ्य आहे. मराठवाड्याने विलंबाची फार मोठी किंमत मोजली आहे. परंतु न विचारता केलेले काम न्यायालयात, आंदोलनात आणि फेरदुरुस्तीत अडकते तेव्हा होणारा विलंब कोणाच्या खात्यावर मांडायचा? तीस दिवसांची विचारणा तीस महिन्यांच्या वादापेक्षा स्वस्त पडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. समित्या अनेक झाल्या की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवील, मग एकच समर्थ समिती का नको? एकाच समितीकडे सारे दिले की दोन गोष्टी घडतात. कामाच्या ओझ्याने ती सही करणारी समिती बनते, किंवा तिच्या चार-दोन सदस्यांना वश करणे पुरेसे ठरते. आखणी ज्याने मान्य केली त्यानेच दर्जा तपासला, तर स्वतःची चूक तो शोधील कशी? म्हणूनच आखणारा, वापरणारा आणि तपासणारा हे तीन डोळे वेगळे हवेत. बोट दाखवण्याचा रोग मुख्य समिती आणि उत्तरदायी अधिकारी आधी ठरवल्याने आटोक्यात राहतो.

तिसरा आक्षेप राजकारणाचा. समित्यांवरही पक्षाचेच कार्यकर्ते येतील. येतीलच, आणि कार्यकर्ता असणे हा दोष नाही. दोष हिशेब न देण्यात आहे. उत्तरमेरूरच्या सभेने हजार वर्षांपूर्वी ओळखलेले हे सत्य आहे.

सज्जनशक्तीचे काम

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले, त्यात राज्य हे समाजाच्या अनेक संस्थांपैकी एक आहे, सर्वस्व नव्हे, असा विचार होता. तो विचार भाषणात उद्धृत करणे सोपे, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नगरपरिषदेच्या बैठकीला वेळेवर जाऊन बसणे कठीण. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने पुढे आलेल्या पंच परिवर्तनात नागरी कर्तव्याचा समावेश आहे. सिग्नल पाळणे, कचरा न टाकणे हा त्या कर्तव्याचा पहिला पाठ झाला. आपल्या नगरात येणाऱ्या प्रत्येक कामाचे अंदाजपत्रक वाचणे, ते न समजल्यास अभियंत्याकडून समजावून घेणे आणि कामाच्या जागी उभे राहून पाहणे हा पुढचा पाठ आहे. आपल्या विचारांचे सरकार आहे म्हणून प्रश्न विचारू नये, ही निष्ठा नव्हे. घरच्या कामावर घरचा माणूस अधिक बारकाईने लक्ष ठेवतो.

धाराशिव हे नाव परत मिळावे म्हणून या जिल्ह्याने दीर्घकाळ वाट पाहिली आणि २०२३ मध्ये ते मिळाले. फलक बदलले. आता त्या फलकाखालचा रस्ता कसा असावा, हे पाहण्याची पाळी आहे. आश्विनात भवानीच्या वाटेवर पाणी घेऊन उभी राहणारी माणसे या जिल्ह्यात गावोगावी आहेत. त्यांना वर्षभराचे काम नेमून देणारा ठराव कोणत्या नगरपरिषदेत प्रथम होतो, एवढेच पाहायचे आहे.